महामार्गावरची पाटी रात्री वाचता यावी म्हणून: अक्षरापासून खांबापर्यंत

महामार्गावरची पाटी बहुतेक वेळा दिवसा तपासली जाते. ठेकेदार, कनिष्ठ अभियंता आणि फोटो काढणारा एक मुलगा असे तिघे दुपारच्या उन्हात तिच्याखाली उभे राहतात, मोबाईलवर फोटो निघतो, मोजमाप पुस्तकात नोंद होते आणि बिल पुढे सरकतं. रात्री दोन वाजता तासगावहून द्राक्षं भरून निघालेला ट्रक त्याच पाटीखालून जातो, तेव्हा ती केबिनमधून कशी दिसते हे मात्र कुणीच पाहिलेलं नसतं. त्या ड्रायव्हरला ती चमकताना दिसते, वाचता येत नाही. वाचता येईपर्यंत फाटा मागे पडलेला असतो, आणि मग तो भर महामार्गावर रिव्हर्स घेतो.

पाटीच्या कामातल्या बहुतेक चुका याच कारणाने होतात. पाटी तिच्यासमोर उभं राहून ठरवली जाते, पण ती वापरली जाते धावत्या गाडीच्या सीटवरून, अंधारात, डिपरच्या उजेडात. म्हणून पुढची प्रत्येक पायरी त्या सीटवर बसूनच ठरवायची. सीटही शक्यतो ट्रकची किंवा एसटीची घ्यायची. ती का, हे पहिल्याच पायरीत कळेल.

पहिली पायरी: उजेड येतो कुठून, जातो कुठे

आपल्याकडे चमकणाऱ्या पाटीला सरसकट ‘रेडियमची पाटी’ म्हणतात. तिच्यात रेडियम नसतं आणि ती स्वतः उजळतही नाही. तिच्या शीटमध्ये काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकचे सूक्ष्म लोलक असतात. ते हेडलाइटचा उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. पांढरी भिंत उजेड चहूकडे उधळते, आरसा तो भलतीकडे फेकतो. ही शीट मात्र उजेडाला आल्या वाटेने माघारी लावते, म्हणूनच इतक्या लांबून ती पेटल्यासारखी दिसते.

अडचण अशी की उजेड परत जातो हेडलाइटकडे आणि पाहणारा डोळा असतो हेडलाइटच्या वर. परतणारा झोत शंकूसारखा थोडा पसरतो, त्याच्या कडेचा जो भाग डोळ्यात शिरेल तेवढीच पाटी दिसते. हेडलाइट, पाटी आणि डोळा यांच्यामधला हा कोन जितका लहान तितकी पाटी उजळ.

साधा हिशेब करा. कारमध्ये डोळा जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर आणि हेडलाइट ६५ सेंटिमीटरवर धरला, तर फरक ५५ सेंटिमीटरचा. १५० मीटरवरच्या पाटीशी त्याचा कोन होतो सुमारे ०.२ अंश. ट्रकमध्ये डोळा २.४ मीटरवर आणि हेडलाइट १ मीटरवर, म्हणजे फरक १.४ मीटरचा आणि कोन ०.५ अंशाहून थोडा जास्त. ट्रक पाटीच्या ७० मीटर जवळ आला की हाच कोन १ अंशाच्या पुढे जातो. कारवाल्याला झगझगीत दिसणारी पाटी त्याच जागेवरून ट्रकवाल्याला मंद दिसते ती यामुळे. यांतले ०.२ आणि ०.५ हे दोन आकडे लक्षात ठेवा. शीट निवडताना लागतील.

दुसरी गोष्ट हेडलाइटची. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्या गाड्यांचा डिपर समोरच्याचे डोळे दिपू नयेत अशा बेताने कापलेला असतो आणि त्याचा झोत डावीकडे किंचित वर चढतो. साहजिकच रस्त्याच्या डाव्या कडेच्या पाटीला भरपूर उजेड मिळतो, दुभाजकातल्या पाटीला कमी आणि डोक्यावरच्या गँट्रीला, म्हणजे रस्त्यावर आडव्या टाकलेल्या कमानीवरच्या पाटीला, सर्वांत कमी. कमी उजेडाच्या जागी चांगली शीट लावायची, हे त्यातून आपोआप आलं. प्रत्यक्षात सगळीकडे एकच शीट लागते, कारण टेंडरमध्ये तिची एकच ओळ असते.

दुसरी पायरी: किती नावं, किती मोठं अक्षर

अक्षराचा आकार पाटीच्या क्षेत्रफळावरून ठरवू नका. तो ठरतो वेग आणि नावांची संख्या यांवरून.

पाटी वाचायला लागणाऱ्या वेळेचा एक जुना आणि कामचलाऊ हिशेब आहे: दोन सेकंद, अधिक प्रत्येक नावामागे एक तृतीयांश सेकंद. तीन नावं असतील तर तीन सेकंद. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे वाचण्यात ८३ मीटर गेले. शिवाय पाटी अगदी जवळ आल्यावर ती वाचायला मान वळवावी लागते, त्यामुळे शेवटचं अंतर धरायचं नाही. समोरच्या रेषेपासून साधारण १० अंशांपलीकडे पाटी गेली की वाचन संपलं. उजव्या लेनमधल्या ड्रायव्हरपासून पाटीचा मध्य १० मीटर डावीकडे असेल, तर हे वाया जाणारं अंतर भरतं सुमारे ५७ मीटर. दोन्ही मिळून १४० मीटर. इतक्या लांबून अक्षर लागायला हवं.

आता अक्षर. अमेरिकेच्या रस्ते-चिन्हांच्या नियमावलीत पूर्वी एक इंच उंचीच्या अक्षरामागे ४० फूट धरत, २००९ च्या आवृत्तीत ते ३० फुटांवर आणलं. म्हणजे एक सेंटिमीटर अक्षर साधारण ३.६ मीटरवरून वाचता येतं असं धरायचं. १४० ला ३.६ ने भागा: ३९ सेंटिमीटर. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे, तिथे याच हिशेबाने ४४ सेंटिमीटरच्या आसपास जावं लागेल. दुपदरी राज्य महामार्गावर वेग ८० आणि पाटी ड्रायव्हरपासून ६ मीटर बाजूला धरली, तर २८ सेंटिमीटर पुरतं.

हा हिशेब कागदावर केला की पहिला धक्का बसतो: पाटी फार मोठी होते. इथे लोक अक्षर लहान करतात. माझा सल्ला उलटा आहे, नावं कमी करा. तीनच्या वर नावं नकोत. चौथं नाव पुढच्या पाटीवर जाऊ द्या, कारण फाट्याआधी २ किलोमीटर, १ किलोमीटर अशा ओळीने पाट्या लागणारच असतात. स्थानिक पुढाऱ्याने आपल्या गावाचं नाव आग्रहाने घुसवलेली आणि त्यामुळे कुठलंच नाव न लागणारी पाटी ज्याने पाहिली नाही, असा माणूस या धंद्यात सापडणार नाही.

तिसरी पायरी: देवनागरी अंधारात कशी दिसते

वरचा ३.६ मीटरचा हिशेब मोठ्या रोमन अक्षरांवर बसवलेला आहे. देवनागरीला तो जसाच्या तसा लावला की फसगत होते, कारण आपल्या अक्षरावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार चढतात आणि खाली उकार लोंबतात. मापनाची पट्टी मात्रांसकट लावली तर ‘३० सेंटिमीटर’च्या पाटीत मूळ अक्षर १८ सेंटिमीटरचंच उरतं. म्हणून मोजायचं ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वरच्या-खालच्या मात्रांची जागा त्याशिवाय वेगळी. आराखड्यावर ही गोष्ट आकड्यात लिहून द्या, नाहीतर ज्याला कमी शीट वापरायची आहे तो मात्रा धरूनच मोजेल.

त्याहून मोठी गोष्ट प्रभेची. गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर जोरात चमकलं की त्याच्या कडा डोळ्यात फुगतात. रेघ जाड दिसू लागते आणि अक्षरातली पोकळी भरून येते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ बुजते आणि तो ‘व’ होतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीवर टिकलेला असतो, ती फट उजेडात बुडते. भोरचा मोर होतो, धुळ्याचं घुळे. स्थानिक माणूस अंदाजाने ओळखतो, पण पाटी त्याच्यासाठी लावलेलीच नसते. ‘त्र्यंबकेश्वर’ घ्या: सुरुवातीलाच त्र, य आणि अनुस्वार एकावर एक, पुढे ‘श्व’. दिवसा सुबक दिसणारा हा शब्द रात्री १०० मीटरवरून पांढरा गोळा होतो.

उपाय फॉन्टमध्ये आहे, आणि तो ‘बोल्ड’ नव्हे. अंधारात पांढरं अक्षर आपण होऊनच ठळक होतं, त्यामुळे रेघ मध्यम हवी. काळं अक्षर पांढऱ्यावर असेल तेव्हा उलट, तिथे रेघ थोडी जाड चालते, कारण भोवतालची चमक तिला खाते. ब्रिटनमध्ये रस्त्यांसाठी जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी आखलेल्या ट्रान्सपोर्ट या अक्षरवळणाच्या दोन जाड्या आहेत त्या याच कारणाने. गडद पाटीवर मीडियम, फिक्या पाटीवर हेवी. देवनागरी निवडताना एकसारख्या जाडीची रेघ पाहा, बोरूच्या वळणाची जाड-बारीक नको. पोकळ्या उघड्या हव्यात, शिरोरेषा उभ्या दांड्याहून जाड नको, आणि ‘भ’, ‘ध’ यांच्या फटी ऐसपैस हव्यात. जोडाक्षर शक्य तिथे आडवं मांडलेलं घ्या. अक्षरांमधली जागा छापील पुस्तकाहून जास्त ठेवा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना हेही पाहा. आधुनिक युनिकोड फॉन्टांत पुष्कळदा दोन्ही वळणं असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली नसेल तर हिंदी वळण उमटतं. वाचायला त्याने फार अडत नाही, पण कोल्हापूरच्या पाटीवर कोल्हापूरचा ‘ल’ असावा, एवढं तरी मागायला हरकत नसावी.

ओळींमधली जागा हा नेहमी विसरला जाणारा भाग. वरच्या ओळीतल्या ‘पंढरपूर’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘सोलापूर’च्या काना-मात्रेला जाऊन भिडतो. दोन मराठी ओळींत निदान एका मूळ अक्षराच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतील तर प्रत्येक गावाचं मराठी नाव आणि त्याखाली लगेच इंग्रजी अशी जोडी ठेवा, दोन गावांच्या जोड्यांमध्ये जास्त अंतर ठेवा आणि बाण जोडीला एकच द्या. इंग्रजी नाव सगळं कॅपिटलमध्ये न लिहिता पहिलंच अक्षर मोठं ठेवलं, तर शब्दाला ओळखीचा आकार येतो.

लांब नावांचा प्रश्न अलीकडे वाढलाय. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. ते एका ओळीत बसवायला अक्षरं आडवी चेपली जातात, आणि चेपलेलं देवनागरी अंधारात सर्वांत आधी मरतं. दोन ओळी करा, पाटी उंच होऊ द्या. कर्जत, खेड यांसारखी नावं एकाहून जास्त गावांची आहेत, तिथे रस्त्याचा क्रमांक ढालीच्या चिन्हात मोठा दाखवा. रात्री लांबून आकडा नावाच्या आधी लागतो.

चौथी पायरी: शीट निवडणं

भारतात रस्त्यांच्या चिन्हांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ६७ क्रमांकाची संहिता वापरतात. शीटचे प्रकार मात्र अमेरिकेच्या एएसटीएम डी ४९५६ या मानकातल्या रोमन आकड्यांनी ओळखले जातात. रस्त्यावरची माणसं ‘टाइप फोर’, ‘टाइप इलेव्हन’ असंच म्हणतात, मीही तसंच म्हणतो.

शीटची ताकद एका आकड्यात सांगतात: तिच्यावर पडलेल्या उजेडाच्या मानाने त्या कोनात किती तीव्र उजेड परत आला (एकक: कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर). पांढऱ्या नव्या शीटसाठी ०.२ अंशावर मानकाने मागितलेले किमान आकडे असे: मण्यांची साधी टाइप वन ७०, लोलकांची टाइप फोर ३६०, टाइप एट ७००, टाइप इलेव्हन ५८०. इतकंच पाहिलं तर टाइप एट जिंकते, आणि कित्येक खरेदी इथेच थांबतात. आता ट्रकच्या सीटवर बसा, म्हणजे ०.५ अंशावर. टाइप वन ३०, टाइप फोर १५०, टाइप एट २५०, टाइप इलेव्हन ४२०. टाइप एटचा दोनतृतीयांश उजेड गेला, टाइप इलेव्हनचा पावभराहून थोडा जास्त. ज्या महामार्गावर रात्री ट्रक आणि बस जास्त, तिथे मी ०.५ चा रकाना आधी वाचतो. टेंडरमध्येही दोन्ही कोनांवरचे किमान आकडे लिहून मागावेत. ‘उच्च दर्जाची परावर्तक शीट’ या शब्दांना काही अर्थ नाही.

गँट्रीवर आणि दुभाजकात टाइप इलेव्हनच लावा. डाव्या कडेच्या पाट्यांना कमी वेगाच्या रस्त्यावर टाइप फोर चालून जाते. टाइप वन दिशादर्शक पाटीला वापरू नये.

रंगाचाही हिशेब आहे. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर हिरव्यावर पांढरं, द्रुतगती मार्गांवर निळ्यावर पांढरं. टाइप इलेव्हनमध्ये पांढरा ५८० तर हिरवा ५८, म्हणजे अक्षर पार्श्वभूमीच्या दहापट उजळ. हे प्रमाण वाचायला छान. निळा २६ च असतो, तिथे फरक वीसपटीहून जास्त. म्हणून निळ्या पाटीवर अक्षर अधिक फुगतं आणि फॉन्टची काळजी अधिक घ्यावी लागते. पार्श्वभूमीही परावर्तकच हवी. साध्या हिरव्या रंगावर चमकणारी अक्षरं लावली तर रात्री पाटीचा आकार आणि रंग दोन्ही नाहीसे होतात, आणि नुसती अक्षरं हवेत तरंगतात.

अमेरिकेतली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. क्लिअरव्ह्यू नावाच्या नव्या अक्षरवळणाला २००४ मध्ये तिथे तात्पुरती मान्यता मिळाली, २०१६ मध्ये ती काढून घेतली आणि २०१८ मध्ये पुन्हा दिली. काढून घेण्यामागे एक आक्षेप असा होता की नव्या पाट्या जास्त वाचनीय ठरल्या त्यात मोठा वाटा जुनी झिजलेली शीट जाऊन नवी आली याचा होता. फॉन्ट आणि शीट एकदम बदलून श्रेय एकालाच देऊ नये. आपल्याकडे उलटं होतं: महागडी शीट घेतो आणि अक्षरं फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर जो फॉन्ट असेल त्यात.

पाचवी पायरी: कारखान्यात काय पाहायचं

सर्वांत चांगली पद्धत अशी: अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा कंपोझिट पॅनलवर आधी पांढरी लोलकांची शीट, तिच्यावर पारदर्शक हिरवी फिल्म. त्या फिल्ममधून प्लॉटरने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणीच्या यंत्राने, अक्षरं कापून सोलून काढायची, म्हणजे खालची पांढरी शीट अक्षररूपाने उघडी पडते. अक्षराला कडा नाही, सुटण्याची भीती नाही, आणि सगळी अक्षरं एकाच अखंड शीटची.

आता चुका. पहिली आणि सर्रास होणारी: हिरव्या परावर्तक शीटवर साध्या पांढऱ्या व्हिनाइलची अक्षरं. दिवसा फरक कळत नाही. रात्री हिरवी पाटी चमकते आणि तिच्यावर करडी अक्षरं दिसतात. काळ्या अक्षरांना साधं व्हिनाइल चालतं, पांढऱ्याला कधीच नाही.

दुसरी: लोलकांच्या शीटला दिशा असते. ती फिरवली की परतणारा उजेड बदलतो. शीट वाचवण्यासाठी तुकडे आडवे-उभे बसवून कापले, तर दिवसा एकसारखी दिसणारी पाटी रात्री ठिगळं लावल्यासारखी दिसते. दोन पट्ट्या जोडायच्या असतील तर दोन्हींवरची दिशेची खूण एकाच बाजूला ठेवा.

तिसरी चूक अक्षरजुळणीची. प्लॉटरच्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जुळवता येतंच असं नाही. वेलांटी एक घर मागे जाते, रफार भलत्या अक्षरावर चढतो, जोडाक्षर फुटून हलंत दिसू लागतो. मजकूर फॉन्टच्या रूपात न पाठवता त्याची रेखाकृती करून पाठवा आणि कापण्याआधी कागदावर छापून मराठी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. एकदा आमच्या हाती आलेल्या पाटीवर एका गावाचा रफार असा सरकला होता की गावकऱ्यांनी तिच्यासोबत फोटो काढले. पाटी परत गेली, महिना गेला.

आणि ठिगळ. गावाचं नाव बदललं की जुन्या पाटीवर नव्या नावाची पट्टी चिकटवतात. जुनी शीट सात-आठ वर्षांची थकलेली, पट्टी नवीकोरी. रात्री पट्टीचा चौकोन भगभगतो आणि शेजारची नावं विझतात. पट्टी जुन्या शीटच्या प्रकाराशी आणि थकव्याशी जुळत नसेल तर पूर्ण पॅनल बदला.

कारखान्यातून निघण्यापूर्वी प्रत्येक रंगावर चार ठिकाणी रेट्रोरिफ्लेक्टोमीटर (परतणारा उजेड मोजणारं यंत्र) टेकवून सरासरी नोंदवा. उपकरण कोणत्या कोनावर मोजतं ते आधी विचारा, कारण युरोपीय मानकाचं यंत्र ०.३३ अंशावर मोजतं आणि त्याचा आकडा ०.२ च्या तक्त्याशी ताडला की नाहक वाद होतो.

सहावी पायरी: जागा आणि खांब

पाटीआधी रस्ता किमान दीडशे मीटर सरळ हवा. वळणावर गाडीचा झोत वळणाबाहेर सांडतो, पाटीवर पडतच नाही, आणि उजेड पडला नाही तर शीट परत काय पाठवणार? घाटात अशी जागा मिळत नाही, तिथे पाटी वळणाच्या आधी आणा.

रस्त्याच्या कडेच्या पाटीची खालची कड कर्ब (कडेची उंच पट्टी) नसलेल्या रस्त्यावर दीड मीटर, फुटपाथ असलेल्या ठिकाणी सुमारे दोन मीटर उंच ठेवतात. गँट्रीखाली गाड्यांसाठी साडेपाच मीटर मोकळे हवेत. कडेची पाटी रस्त्याला काटकोनात न ठेवता सुमारे ५ अंशांनी रस्त्यापासून बाहेरच्या बाजूला वळवा. काटकोनात असेल तर हेडलाइटचा काही उजेड तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून आरशासारखा थेट डोळ्यात येतो आणि मधला मजकूर पांढराफटक होतो. बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर आवळताना शीट पिळवटते आणि त्या जागी पाणी शिरतं.

पाटीच्या मागे काय आहे तेही पाहा. शहराच्या वेशीवर पेट्रोलपंप, ढाब्यांच्या माळा आणि एलईडीचे होर्डिंग यांच्या झगमगाटात तीच पाटी माळरानावरच्यापेक्षा कितीतरी फिकी वाटते. तिथे पाटी मोठी करा किंवा अलीकडे सरकवा. होर्डिंग हलवून घेण्याच्या भरवशावर राहू नका.

दिव्यांबद्दल थोडक्यात. चांगली शीट असेल तर बहुतेक पाट्यांना दिवा लागत नाही. वळणाला लागून असलेली गँट्री, टोलनाक्याजवळचा फाटा, धुक्याचा घाट अशा ठिकाणी खालून एलईडी द्या, पण शीट तरीही चांगलीच हवी. सौर बॅटऱ्या चोरीला जातात आणि दिवा बंद पडल्याचं कळायला महिने लागतात.

सातवी पायरी: रात्रीची फेरी

बसवल्यानंतर आठवड्याच्या आत एक रात्र काढा. गाडीत दोघं हवेत: एक चालवतो, दुसरा नोंदी करतो. काच आणि हेडलाइट पुसून घ्या, डिपरवर राहा, त्या रस्त्याच्या नेहमीच्या वेगाने जा. बरोबर घ्यायचा माणूस साठीच्या पुढचा असेल तर उत्तम. अमेरिकेत अशा पाहणीच्या एका पद्धतीत निरीक्षक साठ वर्षांचा तरी असावा असं सुचवलेलंच आहे, कारण साठीतल्या डोळ्यात विशीतल्याच्या जेमतेम एकतृतीयांश उजेड पोचतो. निवृत्त एसटी ड्रायव्हर मिळाला तर त्याच्याइतका चांगला परीक्षक नाही.

त्याला रस्ता आधी सांगू नका. पहिलं नाव वाचता आलं की त्याने मोठ्याने म्हणायचं, तुम्ही किलोमीटरचा आकडा टिपायचा. पाटीपाशी पुन्हा टिपायचा. दोन्हींतलं अंतर दुसऱ्या पायरीतल्या हिशेबाहून कमी भरलं तर कारण शोधा: अक्षर, शीट, कोन की झाड. मग तीच फेरी ट्रकमधून. ट्रक मिळत नसेल तर निदान बसमधून.

मोबाईलच्या फ्लॅशने फोटो काढून ‘बघा, किती चमकते’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फ्लॅश आणि लेन्स यांत एखाद्या सेंटिमीटरचं अंतर असतं. दहा मीटरवरून तो कोन ०.०६ अंश भरतो, आणि इतक्या लहान कोनावर थकलेली शीटसुद्धा पेटून उठते. टॉर्च कानाजवळ धरून पाहण्याची जुनी युक्ती याहून बरी, पण शेजारी नव्या शीटचा तुकडा तुलनेला धरला तरच.

बदलण्याची वेळ कधी आली हे ठरवायला आकडा हवा असेल तर अमेरिकेने २००८ मध्ये लागू केलेल्या किमान मर्यादा हाताशी ठेवाव्यात. हिरव्या-पांढऱ्या डोक्यावरच्या पाटीला पांढरा २५० आणि हिरवा २५, कडेच्या पाटीला पांढरा १२० आणि हिरवा १५, मोजणी ०.२ अंशावर.

आठवी पायरी: धुणं, दव आणि वेली

थकलेली समजून बदललेल्या पाट्यांपैकी बऱ्याच नुसत्या मळलेल्या असतात. उसाच्या हंगामात धूळ, घाटात डिझेलची काजळी, पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे. कोकणात, विशेषतः झाडीतल्या सावलीत, पाटीवर हिरवं शेवाळ चढतं आणि हिरव्या पाटीवर ते दिवसा दिसतही नाही. वर्षातून दोनदा धुवा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उसाचा हंगाम संपल्यावर. साधा साबण, मऊ स्पंज, वरून खाली, मग भरपूर पाणी. काथ्याचा ब्रश आणि घासायची पावडर वापरली की शीटवर ओरखडे पडतात, ते परत जात नाहीत.

दवाला असा सोपा इलाज नाही. थंडीत निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षा गार पडतो, पहाटे त्याच्यावर थेंब धरतात आणि प्रत्येक थेंब उजेड भलतीकडे वळवतो. धरणाच्या काठच्या आणि नदीखोऱ्यातल्या रस्त्यांवर पहाटे चारला टाइप इलेव्हनची पाटीही काळी दिसू शकते. दव न धरणाऱ्या पारदर्शक फिल्म मिळतात, महाग आहेत, त्या मोजक्या महत्त्वाच्या फाट्यांवरच लावाव्यात. इतरत्र रस्त्याच्या पृष्ठभागावर बाण आणि गावाचं नाव रंगवून ठेवलं तर दुसरा आधार राहतो.

झाडं ऑक्टोबरात तोडा, जूनमध्ये नव्हे. जूनमध्ये छाटलेली घाणेरी आणि वेली सप्टेंबरपर्यंत पुन्हा खांबावर चढतात. तोडताना पाटीपाशी उभं राहून तोडायचं नाही. दीडशे मीटर मागे गाडीत एक माणूस बसवा आणि तो फोनवर सांगेल ती फांदी काढा.

शेवटी पाटीच्या पाठीवर ऑइलपेंटने चार गोष्टी लिहून ठेवा: शीटचा प्रकार, बसवल्याचा महिना आणि वर्ष, पहिल्या दिवशीचे पांढऱ्या-हिरव्याचे आकडे आणि रात्रीच्या फेरीत किती मीटरवरून वाचली ते. सात वर्षांनी कुणी नवा अभियंता तिथे जाईल तेव्हा फाइल सापडणार नाही. पाटी चोरीला गेली नसेल तर पाठ सापडेल. अॅल्युमिनियमला भंगारात भाव आहे, म्हणून आडवळणाच्या रस्त्यांवर मी कंपोझिट पॅनलच सुचवतो.